पानमळ्याचा पिसाळलेला फळा

कांदा सगळ्यांचा एकदमच काढायला आला आणि पानमळ्यात माणूस मिळेना. चाकणच्या बाजूला आता जो तो कंपनीत. हजेरी वाढवून देतो म्हटलं तरी बांधावर कोणी फिरकत नव्हतं. त्यामुळे रंगराव कडांच्या घरातली होती नव्हती ती सगळी माणसं वावरात उतरली होती. रंगराव कांदे उपटून ओळीनं टाकायचे, त्यांची बायको सुभद्राबाई आणि सून विजयश्री विळ्यानं पात कापायच्या, आणि रात्रपाळी करून आलेला मुलगा सुजित डोळे चोळत पाट्या उचलून ढिगावर ओतायचा.

"पाडवा आला," पाटी रिकामी करता करता सुजित म्हणाला. बोलला कांद्यांकडे बघून, पण विजयश्रीला कळायचं ते कळलं.

"आला ना. गुढीची काठी मामांनी कधीच काढून ठेवलीय." तिनं सासऱ्यांकडे मान वळवली.

"काठीचं नाही म्हणत मी. चाकणच्या शाळेतनं काल परत फोन होता. पाडव्यापर्यंतच सीट धरून ठेवणार आहेत. तुझा बोर्ड चालू झाला का?"

"माझा कसला? शाळेचा बोर्ड आहे तो."

"दसऱ्याला तूच म्हणालीस ना, आपल्या शाळेत एवढा मोठा टचवाला बोर्ड बसला, आता इंग्लिश मिडियममध्ये असं काय वेगळं राहिलं? मी म्हटलं, चालू बोर्ड दाखव, पोरगी राहू दे इथंच. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बोर्ड अजून चादरीखाली झोपलाय. आमच्या कंपनीत एखादं मशीन असं पांघरूण घेऊन झोपलं असतं, तर साहेबांनी मलाच त्याच्या शेजारी अंथरूण टाकून दिलं असतं."

रंगराव मान खाली घालून हसले. सुभद्राबाईंनी विळा जमिनीवर आपटून माती झाडली. "बोर्डाला नावं ठिवू नको रं. सरस्वती हाय ती. आज ना उद्या बोलंल."

"सरस्वतीच आहे, आई. म्हणून तर दर्शनालाच उघडतात."

विजयश्रीनं पुढची जुडी ओढली. ती सांगवीत वाढलेली, बीएस्सी झालेली, पण हुज्जत घालायची वेळ आली की ती आधी मागं सरायची. खरं कारण तिनं सुजितला कधी धड सांगितलंच नव्हतं. तिला भीती होती ती व्हॅनची. एका सकाळी ती मुद्दाम हायवेच्या कडेला जाऊन उभी राहिली होती. ट्रेलरच्या मोठाल्या चाकांमध्ये ती पिवळी व्हॅन, तिच्या काचेला चिकटलेली पोरांची नाकं आणि ड्रायव्हरच्या कानाला फोन. लेक संस्कृती तिसरीतली, देहूपर्यंत एसटीनं नेलं तरी ओकायची. भीतीला कोणी कारण मानत नाही, म्हणून तिनं बोर्डाचं नाव पुढं केलं होतं. आणि आता बोर्डच तोंडघशी पाडत होता.

शनिवारी शाळेत पालकसभा होती. विजयश्री हाताचा कांद्याचा वास जावा म्हणून दोनदा साबण लावून गेली. सुभद्राबाई त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. त्या दारातच पातेलं घासत बसल्या होत्या. बोर्ड भिंतीवर गुलाबाच्या फुलांच्या चादरीखाली होता. वर झेंडूची वाळकी माळ.

"मॅडम," विजयश्रीनं धीर केला, "बोर्ड वापरत का नाही? मुलांसाठीच दिलाय ना?"

वर्षाराणी मॅडम लातूरकडच्या, वयानं तिच्याएवढ्याच. त्या कसनुशा हसल्या. "ताई, मी काय मुद्दाम ठेवलाय का झाकून? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून येड्यासारखं करू लागलाय. फोन केला तर म्हणतात अपडेट मारा. पेनड्राइव्हनं अपडेट मारला. आणखी येडं करू लागला. बगा तुम्हीच."

त्यांनी चादर ओढली आणि बटण दाबलं. बोर्ड उजळला. चारही कोपऱ्यांत हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. कोणी हात लावण्याआधीच एक लाल रेघ कोपऱ्यातून निघाली, पडदाभर नागमोडी फिरली. मग आपोआप एक पान उघडलं, बंद झालं, परत उघडलं. मग मोठ्या आवाजात कुणीतरी इंग्रजीतून फळांची नावं सांगू लागलं आणि 'मँगो'वरच अडकून बसलं. मँगो, मँगो, मँगो.

"आंबा खाल्ल्याशिवाय हलायचं न्हाई ते," मागून कोणीतरी म्हणालं आणि सभा खिदळली.

"बीएस्सीबाई हायत की हितं. त्यास्नी चालवू द्या."

विजयश्री उठली. तिला बसून राहता आलं असतं, पण पहिल्या ओळीत संस्कृती मान वळवून बघत होती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. गणकयंत्र उघडलं आणि पडदाभर साताचेच आकडे सांडले, साता समुद्रापार जातील इतके. ती पुसू लागली तर आणखी सात. हशा दारापर्यंत गेला. सुभद्राबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

परत येऊन बसताना तिची चप्पल कुणाच्या तरी पिशवीत अडकली. संस्कृतीनं वहीत तोंड खुपसलं होतं. तिच्या शेजारचा बिरू, जतकडून आलेल्या कामगाराचा पोरगा, मोठ्या माणसासारखा म्हणाला, "काकू, वाईट वाटून घिऊ नका. त्यो समद्यांनाच आसं करतोय."

पुढचे दिवस वावरात गेले. उन्हानं पात कडक झाली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, नखांत काळं बसलं ते निघेना. विजयश्री पात कापायची आणि मनात बोर्ड घोळवायची. शाळेची खिचडी उरकून आलेली सासू गाणं गुणगुणत होती. सासऱ्यांनी टोपी काढून डोकं पुसलं.

दुपारी तिनं व्हॅनच्या फीचा मेसेज बघायला फोन हातात घेतला. कपाळावरचा घामाचा एक थेंब टपकन काचेवर पडला. आणि फोन चळला. मेसेज उघडले, मिटले; कुणालातरी नुसतेच अंगठे गेले; मग तिच्या माहेरी सांगवीला फोन लागला.

"विजू? काय झालं गं?" पलीकडून आई घाबरून विचारत होती.

"काही नाही आई. घाम पडला."

"काय पडलं?"

"घाम. ठेव तू." तिनं पदरानं काच पुसली. फोन शहाण्यासारखा गप्प झाला. ती पुसलेल्या काचेकडे बघत तशीच बसली. फोनला वाटलं होतं, कोणीतरी बोट लावून बसलंय. कोणी नव्हतंच, थेंब होता.

मग बोर्डाला कोण बोट लावून बसलंय?

"अगं, इळा थांबला तुजा," सुभद्राबाई म्हणाल्या. "उन लागलं काय?"

विजयश्रीनं सासूच्या कपाळाकडे पाहिलं. रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. बोर्डाच्या कोपऱ्यांतली बोटं तिला आठवली.

शाळा सुटायच्या वेळेला ती मॅडमना गाठून उभी राहिली. दोघींनी दार लोटून घेतलं, चादर काढली. बोर्डाच्या चौकटीला आतून एक बारीक खाच होती, काळ्या पट्टीची. त्या पट्टीतून न दिसणारे किरण एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातात, आणि बोट आडवं आलं की बोर्डाला जागा कळते, असं माहितीपत्रकात चित्रासकट दिलं होतं. चारही कोपऱ्यांत त्या खाचेत हळदीकुंकू ओलं भरून वाळलं होतं. दसऱ्याचं खाली, त्यावर पुढच्या सोमवारचं, त्यावर त्याच्या पुढच्या. सुभद्राबाई नेमानं दर सोमवारी चूल पेटवायच्या आधी लावत होत्या.

कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांनी विजयश्रीनं कोपरे कोरले. काडीमागून काडी पिवळी लाल झाली. बटण दाबलं. बोर्ड उजळला आणि वाट बघत उभा राहिला.

मॅडमनी 'अ' काढला. 'अ' उमटला. एकच.

दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की बाहेरचं कुत्रं उठून बसलं.

"पण आता सोमवारी आजी परत लावणार की," मॅडम भानावर आल्या. "सांगा तुम्ही त्यांना."

"मी? शाळा तुमची आहे."

"सासू तुमची आहे. मी नाही बाई सांगणार. रोज त्यांच्या हातची खिचडी खाते मी, मीठ त्यांच्या हातात आहे."

विजयश्रीनं सांगायचं ठरवलं. जेवताना सांगू म्हणाली, तर सुजित जेवायला होता. भांडी घासताना सांगू म्हणाली, तर शेजारीण आली. रविवार कांद्यात गेला. सुभद्राबाईंनी तिच्या चिरलेल्या बोटांना स्वतःच्या हातानं खोबरेल चोळलं, तेव्हा तर तिनं निमूट दुसराही हात पुढं केला.

सोमवारी संस्कृतीला सोडायला ती शाळेत गेली, तर सुभद्राबाई बोर्डासमोर कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. चादर जमिनीवर पडली होती.

"कुकू कुनी पुसलं?"

मॅडम हजेरी घेत होत्या. त्यांनी खिडकीबाहेर असं पाहिलं, जणू गैरहजर मुलं तिथंच उभी आहेत.

"मी पुसलं, आत्या," विजयश्री म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

पोरांच्या माना वळल्या. सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "सवाष्ण हायस ना तू? आन् आपल्या हातानं कुकू पुसलंस? माजा ल्योक रातच्याला मशिनीपाशी उभा असतो गं."

तिथं विजयश्रीला वाटलं, बोर्ड गेला चुलीत, व्हॅन परवडली. पण पहिल्या ओळीत संस्कृती बसली होती, आणि या वेळी वहीत तोंड घालून नाही.

"आत्या, देव्हाऱ्यातल्या देवीला कुंकू कुठं लावता तुम्ही?"

"कपाळाला. आनिक कुटं?"

"डोळ्यांत नाही लावत?"

"डोळ्यात कोन लावतंय? काय बोलायलीस?"

"या बोर्डाचे डोळे या चौकटीत आहेत. चारही बाजूंनी. बोट आडवं आलं की त्याला दिसतं. तुमचं कुंकू त्या डोळ्यांत गेलं. त्याला रात्रंदिवस वाटायचं, कोणीतरी बोट लावून उभंय. म्हणून तो भांबावून रेघा मारायचा."

"खोटं."

"मग बघा. बोट न्या जवळ. काचेला टेकवू नका."

सुभद्राबाईंनी पदराला हात पुसला. काचेपासून केसभर अलीकडे बोट धरलं. टेकायच्या आधीच पडद्यावर निळा ठिपका उमटला. त्यांनी बोट मागं घेतलं. परत नेलं. परत ठिपका. डाव्या हाताचं नेलं, तर तिथंही.

"अगं बया," त्या सावकाश म्हणाल्या. "मंजी दसऱ्यापासनं म्या ह्येच्या डोळ्यात चटनी भरतीय."

वर्ग फुटला. पोरं बाकांवर थापा मारू लागली. सुभद्राबाई आधी हसल्या नाहीत, मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि करंडा पडायची पाळी आली. हसू आवरल्यावर त्या सुनेकडे वळल्या. "आन् तू कवा वळखलंस?"

"शुक्रवारी."

"आन् सोमवार उजाडला तरी बोलली न्हाईस. मी काय वाघीन हाय व्हय?"

"थोड्याशा," मॅडम हजेरीपटात बघून म्हणाल्या.

"तुमी गप ऱ्हावा मॅडम. तुमाला आज फोडनीतली मिरची वाढते." त्यांनी बोर्डाच्या वरच्या भिंतीवर, चौकटीपासून चांगलं वीतभर लांब, कुंकवाचं एक बोट ओढलं. मग साक्षरतेच्या वर्गात कधीकाळी गिरवलेलं स्वतःचं नाव बोर्डावर लिहिलं. 'भद्रा' ही अक्षरं खाली घसरली, पण वाचता आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चूल त्या दिवशी उशिरा पेटली.

बोर्ड चालू झाला, पण विजयश्रीच्या जिवाला लगेच दुसरा घोर लागला. ती खिडकीतून बघायची, तर मॅडम बोर्डातच भरून आलेले व्हिडिओ लावून वह्या तपासत बसलेल्या आणि पोरं तोंड उघडी टाकून बघतायत. डायनासोर झाले, ज्वालामुखी झाला, परत डायनासोर. संस्कृतीला घरी विचारलं, काय शिकलात? ती म्हणाली, "भारी होतं."

"काय भारी होतं?"

"आवाज."

दुसऱ्या दिवशी विजयश्रीनं मॅडमना विचारलं, "याला टीव्ही नाही का म्हणत?"

मॅडमनी राग धरला नाही. उलट सुस्कारा सोडला. "म्हणतात की. पण मला तरी कुणी शिकवलंय, ताई? ट्रेनिंग झालं ऑनलाइन. अर्धा वेळ आवाज येतोय का, आवाज येतोय का, आणि उरलेला अर्धा वेळ आवाज आलाच नाही. पोरं शांत बसली की मलाच बरं वाटू लागलं."

"शांत बसलेली पोरं शिकतात का?"

"नाही शिकत. मलाही कळतंय ते."

दोघी चुलीजवळच्या पायरीवर बसल्या. सुभद्राबाईंनी दोघींपुढे खिचडीच्या ताटल्या ठेवल्या. बोलता बोलता मॅडम म्हणाल्या, नकाशा हा धडा राहिलाय, पुस्तकातला नकाशा कुणाच्या डोक्यात शिरत नाही. शाळेत नेट नव्हतं. विजयश्रीनं आपल्या फोनचं नेट बोर्डाला जोडून दिलं आणि वरून काढलेला पानमळ्याचा फोटो पडद्यावर आला.

पोरं उठूनच उभी राहिली.

"आमचं घर! ते बग, गवताची गंजी!"

"ती गंजी न्हाई, आमचा कांद्याचा ढीग हाय."

"मॅडम, समदीकडं निळंच निळं का?"

"त्या कंपन्या. पत्रे आहेत निळे."

मॅडमनी एक नियम केला. बोर्डावर जे बघायचं ते आधी ओळखायचं, मग बोर्ड बंद, आणि बाहेर जाऊन सुतळीनं खरंखुरं मोजायचं. मग परत येऊन बोर्डाचं माप आणि आपलं माप जुळतंय का बघायचं. शाळेचं दार ते हातपंप, हातपंप ते चिंच. माप चुकलं की पोरं बोर्डाला नाही, एकमेकांना शिव्या द्यायची. बिरूनं एकदा नकाशा ढकलत ढकलत खाली नेला, खूप खाली, हिरवं संपून मातकट लागेपर्यंत, आणि एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हितं माजी आजी हाय." मग सगळ्यांनी त्याच्या आजीचं अंतर काढलं. तेवढी सुतळी गावात नव्हती.

सुजितला यातलं फारसं माहीत नव्हतं. शिफ्ट आणि कांदा यांत तो भरडला होता. विजयश्रीनं एकदोनदा सांगू पाहिलं, तर तो "हं" म्हणून घोरायला लागला होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरून तो थेट शाळेत आला, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज द्यायला. विजयश्री चुलीपाशी सासूला तांदूळ निवडू लागत होती. त्याला युनिफॉर्ममध्ये दारात पाहून ती उठली.

"बूट काढा आणि या आत," मॅडम म्हणाल्या. "वर्ग चालू आहे, जरा बसावं लागेल."

सुजितनं बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. पोरं फिसफिसली. तो पाय आत ओढून पोरांच्या बुटक्या बाकावर कसाबसा बसला. विजयश्री तांदळाचं सूप घेऊनच दाराशी येऊन उभी राहिली.

बोर्डावर शाळेत येणारे रस्ते चालले होते. एकेक पोर येऊन घरापासून शाळेपर्यंत बोटानं रेघ ओढत होतं. आखूड आखूड रंगीत रेघा.

"पप्पा, तुमची कंपनी दाखवा ना," संस्कृती म्हणाली.

सुजित उठला. रोज जायची जागा. पण वरून बघितल्यावर सगळे पत्रे सारखेच निळे. त्याचं बोट हवेत फिरत राहिलं.

"काका, ती बगा, पान्याच्या टाकीपाशी," बिरूनं सांगितलं. "माजा बाबा बी तितंच हाय."

"अरे हो की. राव, कंपनीत मी, आणि पत्ता सांगतोस तू."

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, संस्कृती आता चाकणच्या शाळेत जाणार आहे. तिचा पण रस्ता काढू या."

मॅडमनी सुजितकडे पाहिलं. सुजितनं खिशातला अर्ज चाचपला. संस्कृतीनं घरावर बोट ठेवलं आणि निघाली. शाळा मागं पडली. हायवे आला. पडदा संपला, तिनं नकाशा सरकवला. परत संपला, परत सरकवला. टाचा उंचावून तिचा हात भरून आला होता.

"पप्पा, अजून किती?"

"अजून थोडं. सरळ जा. आता चौक येईल." सुजित तिच्या मागं जाऊन उभा राहिला होता. "आता थांब. इथं थांब जरा. इथं ट्रेलर वळतात."

तिचं बोट तिथंच थांबलं. सुजितचा हात तिच्या खांद्यावर आला होता, रस्ता ओलांडताना धरतात तसा.

"काका, तुमची बस तितं किती येळ थांबती?" बिरूनं विचारलं.

"कधी कधी झोप पुरी होते माझी."

पोरं हसली. सुजित नाही हसला. त्यानं नकाशा लहान करून पाहिला. इतरांच्या त्या आखूड रेघा आणि त्यांतून निसटून लांब गेलेली एक जांभळी.

"जाऊ का पुढं?" संस्कृतीनं विचारलं.

"नको," तो म्हणाला. "ये मागं."

तो बाहेर आला, बूट हातातच, आणि हातपंपापाशी जाऊन फोन लावला. विजयश्री चिंचेच्या आडोशाला उभी राहिली.

"हॅलो, हां, सुजित कड बोलतोय, पानमळा. ती तिसरीची... म्हणजे चौथीची सीट दुसऱ्या कोणाला द्या मॅडम. नाही, फीचं काही नाही. शाळा चांगलीच आहे तुमची. पोरीला लांब पडतं." फोन ठेवून तो न वळताच म्हणाला, "ऐकलंस ना सगळं? मग झाडामागं काय उभी राहतेस?"

"तांदूळ निवडत होते."

"झाडामागं?"

"तिकडं ऊन होतं." ती झाडाआडून पुढं आली. "मला त्या व्हॅनची भीती वाटत होती हो. पहिल्यापासून."

"मग तसं सांगायचं. बोर्डाचं काय लावलं होतंस? मला वाटलं तुला बोर्डाचंच कौतुक."

"कौतुक पण आहे आता."

वर्ग सुतळी घेऊन बाहेर सांडला. संस्कृतीनं एक टोक बापाच्या हातात दिलं. "पप्पा, दारापाशी उभे राहा. मम्मी, तू चिंचेपाशी. ताणून धरा. झोळ पडला की माप चुकतं."

सुजित मोज्यांवरच धुळीत उभा राहिला. पोरं दोघांच्या मधल्या सुतळीवरून हात फिरवत, मोठ्यानं मोजत चालली. चुलीजवळून सुभद्राबाई ओरडल्या, "रात्रपाळीचा मानूस हाय त्यो, आदी जेवू तरी घाला."

सुजितनं आपल्या टोकाला हळूच एक हिसका दिला. विजयश्रीनं तिकडून परत दिला.

"पप्पा, हलू नका," संस्कृती म्हणाली. "मम्मी, तू पण."